दारूत जात विरघळते काय?

‘दारूच्या नशेत किरकोळ कारणावरून वाद, एकाचा खून.’ जिल्हा पानाच्या तळाशी ही ओळ इतक्या वेळा छापून येते की वाचकाची नजर तिच्यावर थांबतही नाही. मेलेला कोणत्या वस्तीतला आणि मारणारा कोणत्या आळीतला, हे त्या ओळीत नसते. पोलीस ठाण्यातून जे सांगितले जाते ते बातमीदार लिहून घेतो आणि ठाण्यातून सांगितले जाते ते एवढेच : आरोपी प्यालेला होता, कारण किरकोळ होते. चळवळीचा कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी गावात पोचतो तेव्हा त्याला ते किरकोळ कारण कळते. कधी तो शेताचा बांध असतो, कधी वरातीचा रस्ता, कधी उरलेली मजुरी मागणे, कधी समोरून पाटील येत असताना नुसते पारावर बसून राहणे. मे २०१५ मध्ये शिर्डीत बिअरच्या दुकानावर एका दलित तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरचे गाणे वाजले आणि त्यावरून त्याला मारून टाकल्याची फिर्याद झाली. तिथेही ‘पिणाऱ्यांतले भांडण’ म्हणून विषय संपवू पाहणारे होतेच. गाणे कोणाचे वाजले होते, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

आज आम्हाला लिहायचे आहे ते या बातमीतल्या पहिल्या दोन शब्दांबद्दल. ‘दारूच्या नशेत’ हे नुसते वर्णन नाही. ते बचावाचे पहिले पाऊल आहे आणि पुष्कळदा ते आरोपीच्या वकिलाच्या आधी तपास अधिकारीच टाकून ठेवतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत नशेबद्दल दोन कलमे होती, ८५ आणि ८६. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात त्यांचे आकडे २३ आणि २४ झाले, आशय तोच राहिला. कलम ८५ त्या माणसासाठी आहे ज्याला त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा चढवली गेली आणि त्यामुळे आपण काय करतो आहोत हेच त्याला कळत नव्हते. अशा माणसाला कायदा सोडतो आणि सोडायलाच हवे. गुत्त्यावर स्वतःच्या पायांनी गेलेल्याला हे कलम लागू होत नाही. त्याच्यासाठी कलम ८६ आहे. एखादे कृत्य विशिष्ट हेतूने किंवा विशिष्ट जाणिवेने केले तरच गुन्हा ठरत असेल, तर स्वेच्छेने प्यालेल्या माणसाला शुद्धीत असताना जेवढी जाणीव असती तेवढी जाणीव होती असेच धरून चालायचे, असे हे कलम सांगते.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. सुरुवातीला हेतू आणि जाणीव असे दोन शब्द येतात. शेवटी फक्त जाणीव उरते. हेतू मध्येच कुठेतरी गळून पडला आहे. मेकॉलेसाहेबांच्या काळापासून वकिलांची अख्खी फौज या गळालेल्या शब्दावर उभी आहे. दारुड्याला जाणीव होती हे कायदा स्वतःहून मानतो. पण त्याचा हेतू होता हे मानत नाही, तो पुराव्यातून काढायला सांगतो.

हा फरक किती मोलाचा आहे ते शिक्षेत दिसते. ठार मारण्याच्या हेतूने मारले तर खून, म्हणजे जन्मठेप किंवा फाशी. ‘मृत्यू होऊ शकतो एवढी जाणीव होती, पण मारण्याचा हेतू नव्हता’ असे ठरले तर बहुतेक वेळा तो सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत, म्हणजे तीनही चालतात आणि पाचही. दारूची बाटली न्यायालयात येते ती या दोन पायऱ्यांच्या मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने यावर १९५६ सालीच बोलून ठेवले आहे. खटला होता बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य; पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातील संस्थानांचा तेव्हाचा संघ. बासदेव सैन्यातून निवृत्त झालेला जमादार. मार्च १९५४ मध्ये एका लग्नात पंगतीला बसताना त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला जरा सरकायला सांगितले. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढले आणि पोटात गोळी घातली. मुलगा मेला. सगळी मंडळी प्यालेली होती, बासदेव जास्तच. बचाव असा की एवढ्या नशेत हेतू कसला? न्यायालयाने पाहिले ते असे : हा माणूस अधूनमधून झोकांड्या खात होता खरा, पण आपल्या पायांनी तिथवर आला, आपली जागा आपण निवडली, गोळी घातल्यावर पळायला लागला आणि पकडल्यावर माझ्या हातून घडले, माफ करा असे म्हणाला. ज्याला पळायचे कळते आणि माफी मागायची कळते, त्याचे भान गेलेले नव्हते. खुनाची शिक्षा कायम राहिली.

या निकालाने इंग्लंडमधल्या १९२० च्या बिअर्ड खटल्यातले एक तत्त्व आपल्याकडे पक्के केले. ते आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवे. दारूने माणूस लवकर भडकला, संताप लवकर चढला, एवढ्याने हेतू पुसला जात नाही. हेतू बांधण्याची क्षमताच उरली नव्हती इतकी नशा होती, हे पुराव्यातून दिसले पाहिजे. ‘प्यालेला होता’ आणि ‘भान नव्हते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मात्र पंचनाम्यात पहिली लिहिली जाते आणि युक्तिवादात दुसरी वाचली जाते.

‘आधी ठरवलेले नव्हते’ हाही असाच एक गैरसमज. अमेरिकी सिनेमे पाहून पुष्कळांना वाटते की आधी कट रचला असेल तरच खून. तिथल्या अनेक राज्यांत पहिल्या दर्जाच्या खुनासाठी पूर्वनियोजन सिद्ध करावे लागते आणि तिथे दारूचा बचाव त्या पूर्वनियोजनावरच नेम धरतो. अर्थात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये मोंटाना राज्याच्या खटल्यात सांगितले की स्वेच्छेने केलेल्या नशेचा हा पुरावा ऐकायचाच नाही असे एखाद्या राज्याने ठरवले तर ते घटनाबाह्य नाही. आपला कायदा वेगळा आहे. आपल्या खुनाच्या व्याख्येत पूर्वनियोजनाची अटच नाही. हेतू क्षणात तयार होतो. कुऱ्हाड उचलली आणि डोक्यात घातली, या दोन हालचालींच्या मध्ये तो तयार होतो. १९५८ च्या विरसासिंग खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्पष्ट केले की आरोपीला नेमकी ती जखम करायची होती काय एवढे पाहायचे. ती जीव घ्यायला पुरेशी आहे हे त्याला ठाऊक होते का, हे विचारायचे नाही. पूर्वनियोजन नसणे उपयोगी पडते ते एका अपवादात. अचानक भांडण जुंपले, रागाच्या भरात झुंज झाली, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही की क्रौर्य केले नाही, तर खुनाचा मनुष्यवध होतो.

त्या अपवादाच्या दारातून काय काय बाहेर जाते? खुमानसिंह विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात दारूचा प्रश्न नव्हता, म्हणूनच तो आम्ही मुद्दाम घेतो. २००५ ची घटना. अनुसूचित जातीच्या एका शेतकऱ्याने आपल्या शेतात शिरलेली ठाकूराची म्हसरे हाकलली. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की तू खंगार जातीचा होऊन ठाकूराची जनावरे हाकलतोस कसा, असे म्हणत आरोपीने कुऱ्हाडीचे घाव घातले. सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात खुनाची आणि अॅट्रॉसिटीची अशी दोन्ही शिक्षा टिकली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हे अचानक झालेले भांडण होते, पूर्वनियोजन नव्हते; खुनाचा सदोष मनुष्यवध झाला. आणि गुन्हा केवळ मृत व्यक्ती अनुसूचित जातीची होती म्हणून घडल्याचा पुरावा नाही, असे म्हणून अॅट्रॉसिटीचे कलमही गेले. आम्ही त्या निकालाचा आदर राखून विचारतो, म्हसरे ठाकूराचीच दुसऱ्या ठाकूराने हाकलली असती तर कुऱ्हाड उचलली गेली असती काय? भांडण अचानक झाले असेल. ते भांडण ज्या समजुतीतून झाले ती अचानक झालेली नाही. ती समजूत शेकडो वर्षांची पूर्वतयारी आहे.

खैरलांजीतही हेच घडले. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खून मान्य केला पण अॅट्रॉसिटी मानली नाही; २०१० मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सूडाचे प्रकरण म्हटले. म्हणजे कधी सूड, कधी अचानक भांडण, कधी दारू. कारण कोणतेही चालते, फक्त ते जात असता कामा नये.

या दोन गोष्टी, खुनाचा हेतू आणि जातीचे कारण, एकमेकींना बांधलेल्या आहेत आणि हा मुद्दा आमच्याही पुष्कळ मंडळींच्या लक्षात आलेला नाही. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(५) असे आहे की दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध केला तर शिक्षा जन्मठेपेची. सदोष मनुष्यवधाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे दारूच्या जोरावर आरोपी खुनाच्या पायरीवरून खाली उतरला तरी अॅट्रॉसिटीचे कलम टिकले तर त्याला जन्मठेपेलाच उत्तर द्यावे लागेल, असा युक्तिवाद करता येतो. म्हणून बचाव पक्षाला दोन्ही पाडायचे असतात. आणि दोन्ही पाडायला एकच बाटली पुरते : प्यालेला होता म्हणून हेतू नव्हता, प्यालेला होता म्हणून जातीचे काही डोक्यात नव्हते.

१९८९ च्या मूळ कायद्यात शब्द होते, ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’. कारण म्हणजे मनातली गोष्ट आणि मनातली गोष्ट दारूत बुडवायला सोपी. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी चालेल. पण त्याआधीच संसदेने शब्द बदलला होता. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि ‘या कारणावरून’ जाऊन ‘हे माहीत असताना’ असे आले. म्हणजे कारण गेले, जाणीव आली.

आता वाचकांनी मघाचे कलम ८६, म्हणजे आजचे २४, समोर ठेवावे. स्वेच्छेने प्यालेल्याला शुद्धीत असताना जी जाणीव असती तीच जाणीव होती असे धरायचे. आणि संहितेच्या सर्वसाधारण अपवादांच्या प्रकरणात ‘गुन्हा’ म्हणजे विशेष कायद्याखालचा गुन्हाही, असे त्या संहितेतच लिहिले आहे. मग सरळ प्रश्न असा : ज्या गावात हा माणूस जन्मला, ज्या गावात कोण कोणत्या वाड्यातले हे त्याला पाच वर्षांचा असताना शिकवले गेले, त्या गावात शुद्धीत असताना त्याला समोरच्याची जात माहीत होती की नव्हती? होती. मग दारू प्याल्यावरही होती. हे आम्ही म्हणत नाही, दारूचे कलमच म्हणते. ज्या कलमाचा आधार घेऊन आरोपी सुटू पाहतो तेच कलम त्याला इथे धरून ठेवते. शिवाय दुरुस्तीने आलेले कलम ८(क) असे की आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. उलट असेल तर ते आरोपीने सिद्ध करायचे. आमच्या वकील मित्रांनी ही दोन कलमे एकत्र ठेवून युक्तिवाद करावा, अशी आमची त्यांना सूचना आहे.

(जाता जाता : २०२४ च्या नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या झुंडहत्येचे कलम १०३(२) आले. तिथे जात हा शब्द आहे, पण पुन्हा ‘या कारणावरून’ याच जुन्या वळणाने. अॅट्रॉसिटी कायद्यात पंचवीस वर्षे ठेचा खाऊन जो शब्द बदलून घेतला तो नवी संहिता लिहिणाऱ्यांनी पाहिला नाही काय?)

गावातून शहरात आलो की हीच दारू उलट्या बाजूने वागते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्त्याचे काम करणारे मजूर पदपथावर झोपले होते. प्यालेल्या एका तरुणाची मोटार त्यांच्यावरून गेली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानला : सहा महिने आणि पाच लाख दंड. सात मजूर, सहा महिने! लोकांतून ओरड झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढेच कायम केले. इथे दारू आरोपीच्या विरोधात गेली, कारण पिऊन गाडी हाकणाऱ्याला माणूस मरू शकतो हे कळते, असे न्यायालयाने धरले. दारू नसती तर तो नुसता अपघात. म्हणून शहरातल्या पैसेवाल्याला दारू लपवायची असते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. मोटारीच्या खटल्यात रक्तातली दारू नाहीशी करायला माणसे धडपडतात. वस्तीवरच्या खुनाच्या खटल्यात रक्त तपासलेले नसतानाही तीच दारू साक्षीदारांच्या तोंडी चढवली जाते.

आम्हाला कोणी विचारील, मग कलम ८६ मधली हेतूची फटच बुजवून टाका अशी तुमची मागणी आहे काय? नाही. दारुड्याला सरसकट खुनी म्हणा असे म्हणणे सोपे आहे, पण फाशीच्या कोठडीत कोण बसले आहे ते आधी पाहावे लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार देशातल्या फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के मागासवर्गीय आणि धार्मिक अल्पसंख्याक होते. वीटभट्टीवरचा, ऊसतोडीवरचा, नाक्यावरचा आपलाही माणूस पितो, भांडतो आणि त्याच्या हातून माणूस मरतो. त्याच्यासाठी बासदेवचा निकाल काढून वाचणारा, नशा किती होती हे डॉक्टरला उलटतपासणीत विचारणारा वकील त्याला मिळत नाही. फट सगळ्यांना सारखी आहे. तिच्यातून बाहेर पडतो तो फी भरणारा. आम्हाला फट बुजवायची नाही, तिथे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने जात पाहू नये एवढे हवे आहे.

आणि आपल्या घरचेही बोललेच पाहिजे. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारच्या दारूबंदीच्या धोरणाला विरोध केला होता. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती शोधणाऱ्यांना सरकारचा महसूल आणि माणसाचे शील यांतला फरक कळलेला नाही. पंचशीलातले पाचवे शील मद्याला दोष देते ते प्रमादाचे, बेसावधपणाचे मूळ म्हणून. पेला उचलण्याचा क्षण हाच निवडीचा क्षण, हे तथागतांनी सांगितले आणि कलम ८६ जाणिवेपुरते तेच मान्य करते. पण आपल्या वस्तीतल्या गुत्त्याचा दुसराही तोटा आहे. मेलेला प्यालेला असला तर पोलिसांचे काम निम्मे होते. ‘दोघेही दारूच्या नशेत होते’ एवढे लिहिले की भांडण बरोबरीचे ठरते आणि बरोबरीच्या भांडणात जात कशी असेल?

म्हणून काम पहिल्या चोवीस तासांचे आहे, निकालाच्या दिवशीच्या मोर्चाचे नाही. अॅट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असा १९९५ च्या नियमांत दंडक आहे. तो आला की नाही हे पाहणारे कोणी तिथे हवे. आरोपी प्यालेला होता असे पोलीस म्हणत असतील तर त्याला डॉक्टरकडे नेले का, किती वाजता नेले, रक्त घेतले का, हे विचारले पाहिजे. तपासणीच केली नसेल तर ‘नशेत’ हा शब्द फिर्यादीत लिहू देऊ नये. घरच्यांचा जबाब होताना त्यांना रडू आवरत नाही हे खरे, पण त्याच जबाबात बारीक गोष्टी यायला हव्यात : हत्यार तिथेच पडलेले होते की तो घरी जाऊन घेऊन आला, मारताना काय बोलला, नेमके कोणते शब्द, मारल्यावर पळाला का, कपडे बदलले का, कोणाला फोन केला, आठ दिवस आधी धमकी दिली होती का. बासदेवच्या खटल्यात पळणे आणि माफी मागणे या दोन साध्या गोष्टींनी नशेचा बचाव पडला होता. पुढे जामिनाच्या अर्जाला, दोषमुक्तीच्या अर्जाला, शिक्षेच्या सुनावणीला बोलण्याचा हक्क कलम १५(अ) ने पीडिताच्या कुटुंबाला दिला आहे. तो तोंडी नाही जमला तर लेखी वापरता येतो.

आणि जबाबाच्या अगदी सुरुवातीला, नाव, वय, धंदा, राहणार याच्या लगेच खाली एक ओळ लिहून घ्यावी : आरोपी आम्हाला किती वर्षांपासून ओळखतो, आमच्या घराला गावात काय म्हणून हाक मारली जाते, आणि ती हाक त्याने याआधी किती वेळा मारली आहे.